दस्तीखालचं बोलणं

"तुमचे मिस्टर तुमच्यावरचं प्रेम कसं दाखवतात?" असं त्या बाईंनी विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "दस्तीखाली हात धरतात." झालं. अख्खा हॉल हसून लोळायला लागला. मेल्यांनो, हसता काय, असं म्हणावं वाटलं, पण माझ्याच कानशिलांतून वाफा निघत होत्या. दस्ती म्हणजे खांद्यावरचा पंचा, दुसरं काही नाही. पण बायकांच्या मनात काय आलं ते त्यांच्या पदरांवरूनच दिसत होतं, सगळ्यांनी तोंडात कोंबले होते. लातूर जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, साहेब आले, साहेबांच्या बायका आल्या, आणि त्यांतल्या या एक पुण्याच्या बाई, मानसशास्त्र शिकलेल्या, दर शुक्रवारी आमच्या महिला मंडळात येऊन काही ना काही शिकवायच्या. आजचा विषय होता स्वभाव जुळतात का आणि माया बोलून दाखवावी का. पावसानं दोन वर्षं दगा दिलेला, चहा अर्धाच कप मिळायचा, पण विषय मात्र भरपूर. बाईंनी माणसांचे गट पाडले होते. बोलक्या स्वभावाच्यांनी खिडकीकडं उभं राहायचं, मिटलेल्यांनी भिंतीकडं. मी खिडकीकडं गेले, त्यात कुणाचंच दुमत नव्हतं. मग म्हणाल्या, आता तुमचे मिस्टर इथं असते तर कुठं उभे राहिले असते ते दाखवा. मी भिंतीकडं बोट केलं. खरं तर भिंतीकडंही नाही, भिंतीच्या आत. बाईंनी माझ्याकडं जरा कळवळून पाहिलं आणि म्हणाल्या, "रत्नम्माबाई, अशा जोडीत एकाची उपासमार होते हो. दिसत नाही, पण होते." तेव्हा मात्र कुणी हसलं नाही.

उपासमार. हा शब्द घेऊन मी घरी चालत निघाले. गोलाईच्या बाजारातून येताना कुठंतरी बोअरचं मशीन चालू होतं, त्याच्या आवाजानं दात खळखळत होते आणि सगळ्या गल्लीवर पांढरी धूळ बसली होती. जिथं तिथं जमिनीला भोकं पाडणं चाललेलं. पाणी लागलं तर लागलं. मी चालता चालता त्या बाईंशी मनातल्या मनात भांडत होते. म्हटलं, बाई, तुमचं वय काय, तुमच्या लग्नाला किती दिवस झाले, तुमचा नवरा तुम्हाला 'राणी' म्हणतो ते अख्ख्या क्वार्टर्सला ऐकू येतं, पण म्हणून माझ्या घरात काय शिजतं ते तुम्हाला काय माहीत? आणि असं भांडत असतानाच मारुतीच्या पाराशेजारी टेकले, कारण माझ्या ध्यानात आलं की सोमवारी उमरीची माणसं येणार आहेत. माझ्या महादेवीला मागणी घालणारी. आणि तो मुलगा, मडिवाळप्पा, अगदी ह्यांचाच नमुना. पहिल्यांदा बघायला आला तेव्हा चहाच्या कपाकडं बघत बसला होता. दुकान सांभाळतो, दारू नाही, तंबाखू नाही, वाईट संगत नाही, आणि शब्दही नाही. मी त्याला पोहे दिले तर मान हलवली, पाणी दिलं तर मान हलवली. त्या पाराशेजारी बसून मी ठरवलं की सोमवारच्या आत मला एका प्रश्नाचं उत्तर पाहिजे. माझी उपासमार झाली का नाही? झाली असेल तर मी पोरीला त्या घरात देणार नाही, मग कोण काय म्हणायचं ते म्हणो.

आमचे मालक मन्मथप्पा, गंजात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आडत दुकान. तूर, करडी, उडीद. त्यांच्या धंद्याची जुनी रीत अशी की भाव तोंडानं बोलायचा नाही. दोघं समोरासमोर बसायचे, हातावर दस्ती टाकायची, आणि त्या दस्तीखाली एकमेकांची बोटं धरायची. किती बोटं धरली, कशी दाबली, त्यावर भाव. पटलं तर पुरा तळवा आवळायचा, सौदा पक्का. नाही पटलं तर हात काढून घ्यायचा. भोवती शंभर माणसं उभी असली तरी कुणाला काही कळत नाही. आता बाजार समितीनं उघडे लिलाव सुरू केलेत, तरी जुन्या माणसांचा हात दस्तीत गेल्याशिवाय त्यांना भाव ठरल्यासारखं वाटतच नाही. आणि मालकांचा तर असा लौकिक की ते हात धरून माणूस ओळखतात. हाताला घाम किती, बोट दाबताना थरथरतं का, घाई आहे का, लबाडी आहे का. मागच्या महिन्यात उमरीचे मलप्पा आपल्या पोराला, ह्या मडिवाळप्पाला, घेऊन गंजात आले होते, करडीच्या सौद्याला. मालकांनी मुद्दाम बापाला सोडून पोराशी सौदा केला. त्या दिवशी घरी आले, पाय धुतले, म्हणजे ओल्या फडक्यानं पुसले, आणि मला म्हणाले, "पोराचा हात खोटं बोलत न्हाई." एवढं मोठं वाक्य वर्षाकाठी एखादंच. मला त्या दिवशी आनंद झाला होता, हे मी नाकारत नाही. पण आता वाटायला लागलं, माझ्या पोरीनं काय हाताशी संसार करायचा?

बरं, माणूस वाईट आहे का? अजिबात नाही. मी भांड्यांशी बोलते, तुळशीशी बोलते, रेडिओला उलट उत्तर देते. त्यांनी कधी 'गप बस' म्हटलं नाही. लग्न होऊन आले तेव्हा तरी थोडंफार बोलायचे. बाजारातून फुटाणे आणायचे, पुडी हातात द्यायचे आणि म्हणायचे, "गरम हायत." दोन शब्द, पण मी ते दिवसभर पुरवायचे. पुढं पुढं फुटाणे राहिले, शब्द गेले. पुडी कोनाड्यात ठेवून द्यायची, मला सापडायची. आत्ताच्या या पाण्याच्या वांध्यात रोज पहाटे उठून कोण कोपऱ्यावरच्या हापशावरून दोन घागरी आणून ठेवतं, ते मला शेजारच्या कोंडाबाईनं सांगितलं, ह्यांनी नाही. मला वाटायचं महादेवी आणते. लिंगपूजेला बसतात, डाव्या तळहातावर लिंग घेतात, दुष्काळात पळीभर पाण्याचं त्याला स्नान घालतात, तेव्हासुद्धा ओठ हलत नाहीत. देवाशीही बोटांनीच चाललेलं असतं म्हणा ना. मी कितीदा रागावले, कितीदा आठ आठ दिवस अबोला धरून पाहिला. आता अबोल माणसाशी अबोला धरण्यात काय मतलब, त्याला कळणार कधी? तिसऱ्या दिवशी मीच न राहवून बोलायची.

आणि मग बहात्तरचं साल येतंच. कुठूनही विचार करायला बसले तरी मी तिथं जाऊन पोचते. त्या उन्हाळ्यात मी दोन्ही लेकरांना घेऊन नांदेडला माहेरी होते. महादेवी सहा वर्षांची, आणि धाकटा, आमचा शिवा, नुकता चालायला लागलेला. तिकडं गोदावरी तरी आहे म्हणून गेले होते, तर तिच्याही पात्रात नुसती वाळू. मालक आम्हाला न्यायला आले आणि त्याच रात्री शिवाला जुलाब सुरू झाले. दुसरा दिवस तसाच गेला. संध्याकाळी दवाखान्यात नेलं, आणि पुढच्या सकाळी संपलंच सगळं. इतकंसं लेकरू ते. आमच्या लिंगायतांत बसवून पुरतात, तसं बसवलं, तर मान राहीना. माझे बाप, गुंडप्पा, जिकडं तिकडं कपाळ आपटत होते. मालकांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मग आम्ही परत निघालो, बसनं. लोहा, अहमदपूर, चाकूर. बस खच्चून भरलेली, खडी फोडायच्या कामावर निघालेली माणसं, टोपल्या, फावडी. महादेवी माझ्या मांडीवर झोपलेली, आणि शेजारी हे. आणि लोहा सोडल्यावर ह्यांनी खांद्यावरची दस्ती काढली, आमच्या दोघांच्या हातांवर टाकली आणि तिच्याखाली माझा हात धरला. लग्नानंतर पहिल्यांदा, चारचौघांत. एक बोट धरलं, मग सगळी, मग तळवा दाबला, परत एक बोट. लातूर येईस्तोवर हे चालू. मला वाटलं हा माणूस भाव करतोय की काय, कुणाशी, देवाशी? मला त्यातलं काही कळत नव्हतं. मला फक्त एवढंच पाहिजे होतं की त्यांनी म्हणावं, आपला शिवा गेला गं. बस. एवढं. चाकूरच्या स्टँडवर बस बराच वेळ थांबली, तेव्हा मी त्यांच्याकडं तोंड करून बसले, म्हटलं आता बोलतील. ते समोरच्या सीटच्या पत्र्याकडं बघत होते. हात मात्र सोडला नाही. घरी आल्यावर काही दिवसांनी मी विचारलं, "बशीत काय सांगत होता मला?" तर म्हणाले, "काय न्हाई."

त्यानंतर ते माझ्या माहेरी कधी राहायला आले नाहीत. मला स्टँडवर बसवून द्यायचे, परत घ्यायला स्टँडवरच यायचे. मी म्हणायची, माझ्या माहेरच्यांनी काय घोडं मारलं तुमचं? मागच्या श्रावणात माझे बाप गेले तेव्हा तेवढे आले, मूठभर माती घातली, आणि लगेच परत. मला लागलं ते फार. मी मनाशी म्हटलं, या माणसाला ना माया, ना राग. पण मग तो बसमधला हात कुठं ठेवायचा? त्या हातावर मी इतकी वर्षं काढलीत. कुणी नवऱ्याचं कौतुक सांगायला लागलं की माझ्याकडं दाखवायला तेवढंच आहे, म्हणून तर त्या हॉलमध्ये ते तोंडातून निघालं. पाराशेजारून उठेपर्यंत माझा निकाल लागला होता. मला ते पुरलं, हे खरं. पुरवून पुरवून वापरलं म्हणून पुरलं. पण मला पुरलं म्हणून माझ्या लेकीनंही तेवढ्यावरच का भागवायचं?

त्या रात्री जेवताना मी मालकांना सगळं सांगितलं. बाई काय म्हणाल्या, गट कसे पाडले, भिंत कोणती, खिडकी कोणती. ते भाकरी मोडत होते. मी म्हटलं, "त्या बाई म्हणून राहिल्या का आपली जोडी जुळत न्हाई." ते म्हणाले, "हं." मी म्हटलं, "हं काय? जुळत न्हाई तर न्हाई म्हणा, जुळते तर हाव म्हणा." त्यांनी पाण्याचा तांब्या माझ्याकडं सरकवला, कारण मला बोलता बोलता ठसका लागला होता. मी म्हटलं, "सोमवारी ते पोरगं बोललं न्हाई तर मी पोरगी देणार न्हाई. सांगून ठेवते." त्यांनी वर पाहिलं. काहीतरी म्हणतील असं वाटलं. ओठ उघडलेसुद्धा. मग उठून हात धुवायला गेले. माझ्या हातातला डाव मी असा काही आपटला की महादेवी आतून धावत आली. तिला वाटलं मांजर आलं.

सोमवारी मलप्पा आले, त्यांच्याबरोबर मडिवाळप्पा, पांढरा शर्ट, केसांना तेल. 'शरणार्थ, शरणार्थ' असा नमस्कार झाला, बैठकीत सतरंजीवर बसले. मी चहा केला. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते आणि माझं मन सारखं बसमध्ये जात होतं, परत येत होतं. पोरगं पुन्हा कपाकडंच बघत बसलेलं. मलप्पा दुष्काळावर बोलले, उमरीला नळाला पाणी कधी येतं त्यावर बोलले, सरकारवर बोलले. त्यांना बोलायला येतं, मग पोराला का शिकवलं नाही? आणि मग बोलणं संपलं आणि मलप्पांनी, जशी काही जगातली सगळ्यात साधी गोष्ट असावी तशी, खांद्यावरची दस्ती काढली आणि दोघांच्या मध्ये धरली. मालकांचा हात आपोआप पुढं झाला. सवयच ती. दस्ती पडली. दोघांचे चेहरे बाजारातल्यासारखे दगडाचे झाले. लग्न हो का नाही, कधी, कुठं, मानपान काय, सगळं त्या फडक्याखाली चाललेलं, आणि माझी पोरगी आत कढईजवळ उभी, आणि तो पोरगा समोर बसलेला, आणि मी दारात. करडीचं पोतं आहे का माझी लेक? माझ्या अंगाचा असा संताप झाला की पाय कधी पुढं पडले ते कळलं नाही. मी बैठकीच्या मधोमध जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "मालक, हात काढा."

गंजात दस्तीखालचा हात अर्ध्यातून काढायचा म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे. समोरच्याच्या तोंडावर थुंकण्यासारखं ते. आणि बायकोच्या सांगण्यावरून काढायचा, हे तर कधी कुणी ऐकलंच नसेल. मला वाटलं आता हे माझ्याकडं बघणारसुद्धा नाहीत. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. आणि हात काढला. मलप्पांचा चेहरा लालबुंद झाला. "मन्मथप्पा, बाया मधी बोलतात व्हय तुमच्याकडं?" ते म्हणाले. मीच म्हटलं, "बोलतात. आमच्याकडं बायाच बोलतात." आणि पोराकडं वळले. "बाबा रे, तू चांगला हायस. तुझा हात चांगला हाय, मालकांनी बघितलाय. पण माझ्या पोरीला दिवसातून चार शब्द लागतील. ती रडली तर का रडली ते इचारावं लागंल. तुझ्या मनात काय हाय ते तिनं तुझ्या बोटांवरून वळखायचं का? तुला बोलायला येतं का, ते दाखव मला." पोराच्या कपाळावरून घाम निथळायला लागला. त्यानं तोंड उघडलं, मिटलं. कानांच्या पाळ्या लाल झाल्या. मला दया आली, खरंच आली, पण मी हलले नाही. मग मी म्हटलं, "बरं. आज न्हाई येत तर न्हाई. घरी जा. ज्या दिवशी येईल त्या दिवशी ये. एकटा ये, बापाला आणू नको." मलप्पा दस्ती झटकून उठले आणि चपला घालताना म्हणाले, "उमरीत पोरींचा दुष्काळ पडलेला न्हाई." त्यांच्यामागून पोरगं गेलं. जाताना त्यानं वळून बघितलं, पण माझ्याकडं नाही, स्वयंपाकघराच्या दाराकडं.

दोघं गेल्यावर महादेवी बाहेर आली. ही माझी पोरगी माझ्यासारखी बोलकी, असं मी सगळ्यांना सांगत असते. ती इतकी हळू बोलली की मला पुढं वाकावं लागलं. "अव्वा, तू मला इचारलंस का? मला तो आवडला होता." मी म्हटलं, "काय आवडलं? एक शब्द बोलला न्हाई तो." ती म्हणाली, "मागल्या येळी चहा देताना माझ्या हातावर सांडला, तर त्यानं उठून मडक्यातलं पाणी ओतलं माझ्या हातावर. पिण्याचं पाणी, अव्वा. त्याच्या बापानं डोळे वटारले तरी ओतलं." आणि आत निघून गेली. मला वाटलं, बघा, सुरू झालं. पोरगी आत्तापासूनच खुणांवर जगायला शिकली. पण तो परत आलाच नाही तर? एवढा मोठा अपमान करून घेऊन कोण येतं परत? गंजात गोष्ट संध्याकाळपर्यंत पसरली होती. बायकोनं हात काढायला लावला म्हणून मालकांना लोक डिवचत होते, कोंडाबाईच्या नवऱ्यानं ऐकलं, कोंडाबाईनं मला सांगितलं. कुणीतरी म्हणे लिलावात ओरडलं, "मन्मथप्पा, आधी घरी इचारून या!" ते घरी येऊन मला बोलतील, निदान एकदा तरी रागावतील, म्हणून मी वाट बघत राहिले. कोनाड्यात फुटाण्यांची पुडी सापडली. ती मी तशीच राहू दिली. चिडलेच होते मी. पण मागं हटायचं नाही हेही नक्की होतं. आवडली असेल त्याला तर येईल. नाही आला तर तो यायच्या लायकीचा नव्हता. असं मी दिवसातून दहादा स्वतःला सांगायची आणि दर वेळी दाराकडं बघायची.

तो आला तो नळाच्या दिवशी. कितीतरी दिवसांनी नळाला पाणी सुटलेलं, गल्लीभर बायका, घागरी, भांडणं, आरडाओरड, मी हंड्यावर हंडा लावते आहे, आणि बघते तर हा समोर उभा. एकटा. उमरीहून नांदेड, नांदेडहून लातूर, सगळ्या रस्त्याची धूळ डोक्यावर घेऊन. मला बघताच त्यानं सुरू केलं, बसमध्ये पाठ करत आला असणार, आणि तिसऱ्याच वाक्याला अडकला. परत पहिल्यापासून सुरू केलं. "काकू, आमच्या घरात... अव्वा लहानपणीच गेली. मंग घरात बोलायला कुणीच नव्हतं. आप्पा गिऱ्हाईकाशी बोलतात. मला... मला बोलायला येत न्हाई असं न्हाई. मला सवय न्हाई. तिनं इचारलं तर मी सांगत जाईन. खरं सांगत जाईन. आप्पांना सांगून आलो, ते नको म्हणले, तरी आलो." नळावरच्या सगळ्या बायकांचा गलका थांबला होता. माझ्या हातातली घागर भरून वाहून चालली होती आणि कुणी मला ओरडलंसुद्धा नाही. मी म्हटलं, "मला नको सांगू. ती आत हाय. जा, तिला सांग." आणि तो गेला. मी बाहेरून दार ओढून घेतलं.

मालक दुपारच्या जेवणाला आले तर मी पायरीवर बसलेली, हंडे शेजारी मांडलेले. मी म्हटलं, "आत जाऊ नका. पोरगं आलंय." ते माझ्याशेजारी पायरीवर टेकले. आतून आवाज येत होता. शब्द कळत नव्हते, पण त्या पोराचा आवाज होता, थांबत थांबत, अडखळत, पण चालू होता. बराच वेळ त्याचाच. मग महादेवीनं काही विचारलं. मग पुन्हा तो. आणि मग महादेवी हसली, अशी मोकळी की मी ते हसणं कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. झालं, पोरीचं भलं झालं, मला कळून चुकलं. मी डोळे पुसले. आणि मग मला माझ्या पोटच्या पोरीचा हेवा वाटला. हो, हेवा. जे मागून मी तिला मिळवून दिलं ते मी स्वतःसाठी कधी मागितलंच नव्हतं. रुसले होते, आपटले होते, टोमणे मारले होते, पण समोर बसवून मागितलं नव्हतं. मालकांचा हात माझ्याकडं सरकत होता. मी माझे दोन्ही हात पदराखाली घेतले. म्हटलं, "असं न्हाई. तोंडानं. ते कालचं पोर बोललं, तुम्हाला काय झालंय? बसा इथं आणि बोला. मला घाई न्हाई."

ते समोर बघत राहिले. नळाला अजून पाणी होतं, बायका येत-जात होत्या. त्यांनी घसा खाकरला. मला वाटलं, म्हणतील काहीतरी, चांगली हायस म्हणतील, संसार केलास म्हणतील. ते म्हणाले, "ते पाणी मागत होतं."

मी म्हटलं, "कोण?"

"शिवा." इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ते नाव. "तू पाण्याच्या रांगेत नळावर गेल्तीस, सांजेलाच आलीस. ते तांब्याकडं हात करून मागत होतं. तुझे बाप म्हणले, जुलाबात पाणी देऊ नका, पोटात जहर होतंय. म्हातारं माणूस, त्यांच्या घरात आपण. म्या न्हाई दिलं. दिवसभर न्हाई दिलं." त्यांनी दस्तीनं तोंड पुसलं. "मंग दवाखान्यात डाक्टरानं मला बाजूला घेतलं. म्हणला, पाणी का तोडलं? पाण्यावाचून गेलं हे लेकरू. म्हणला, पाजत राहिला असता तर राहिलं असतं."

माझ्या बापाचा चेहरा माझ्यासमोर आला, कपाळ आपटणारा. मला बोलता येईना. मला, रत्नम्माला.

"तवाच ठरवलं, तुला सांगायचं न्हाई," ते म्हणाले. "बापाचं तोंड बघितलं नसतंस तू पुन्हा. तुझं माहेर तुटलं असतं. आन माझं तोंड एकदा उघडलं तर एवढंच निघायचं त्यातनं, हे मला ठावं होतं. म्हणून बंदच ठेवलं. आता ते बी गेले."

समोरून कोंडाबाई रिकामा हंडा घेऊन येत होती, तिच्यामागं आणखी दोघी, आणि तिघींनीही आमच्याकडं बघून पाय सावकाश केले. माझ्या मनात बापाचा राग होता, ह्यांचा राग होता, लेकराचं दुःख होतं, आणि या माणसाबद्दल अशी काही माया दाटून आली होती की त्यातलं काय कुठं ठेवू तेच सुचेना. मी पदराखालचे हात बाहेर काढले आणि त्या तिघींच्या देखत, भर दुपारी, उघड्यावर, ह्यांचा हात माझ्या दोन्ही हातांत घट्ट धरला.

"अजून बोला," मी म्हटलं.